पानभर लिहायला सांगा

“अक्का, माझा पाय मोडलाय. ह्याचे किती मार्क जादा मिळतात?”

हा प्रश्न एका तरुण गृहस्थांनी मला दुकानात उभ्या उभ्या विचारला होता. स्कूटरवरून पडल्याला चार दिवस झाले होते, प्लास्टर अजून पांढरंशुभ्र होतं. अर्जातल्या ‘दिव्यांग’ ह्या चौकोनात खूण करा, पुढचं मी बघतो, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की प्लास्टर सहा आठवड्यांत निघेल आणि परीक्षा पाच महिन्यांनी आहे. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि विचारलं, “मग परीक्षेच्या आधी पुन्हा पडायला हवं का?”

कुंभकोणमला तळ्यामागच्या रस्त्यावर माझं अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. आधी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर गेले, संगणक आले, आणि टायपिंग शिकायला येणारी मुलं सरकारी नोकरीचे अर्ज भरायला येऊ लागली. लोकसेवा आयोग अर्ज ऑनलाइन मागतो. आडुतुरै, तिरुनीलक्कुडी, स्वामीमलै अशा आसपासच्या गावांतून मुलं बसने येतात, पिशवीतून कागद काढतात आणि माझ्यापुढे ठेवतात. मी आणि माझी सहकारी जयंती, दोघी ते भरून देतो.

घरी आम्ही मराठी बोलतो, आणि ती तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेली मराठी आहे. दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. ह्या अंकासाठी मी पाठवलेलं पहिलं टिपण वाचून संपादकांनी कळवलं की भाषा फार गोड आहे, पण वाचकांना कळणार नाही. म्हणून हा लेख पुण्याच्या माझ्या जावेने हात फिरवलेल्या मराठीत आहे. खालची बोलणी सगळी तमिळमध्ये झालेली आहेत. ती मराठीत आणताना मी फार गोड केलेली नाहीत.

अर्ज भरणं म्हणजे नाव-पत्ता टाइप करणं, असं लोकांना वाटतं. ते काम दहा मिनिटांचं. बाकीचा वेळ माणसाला प्रश्न विचारण्यात जातो. एकाच माणसाच्या तीन कागदांवर तीन जन्मतारखा असतात. फोटोत डोळे मिटलेले असतात आणि “हाच चांगला आलाय” असा आग्रह असतो. एक बाई मुलाच्या अर्जात स्वतःचा फोन नंबर द्यायला तयार नव्हत्या, कारण आयोगाने फोन केला तर त्या उचलतील आणि काहीतरी बोलून बसतील. आयोग फोन करत नाही, हे त्यांना पटवायला मला अर्ज भरण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पण हा लेख एका वेगळ्याच चौकोनाबद्दल आहे. दिव्यांग उमेदवाराच्या अर्जात पुढे एक प्रश्न येतो: ‘लेखनिक हवा आहे का?’ ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात चालत नाही, त्याने उत्तरं तोंडी सांगायची आणि शेजारी बसलेल्या लेखनिकाने ती लिहायची. लेखनिक आयोगाचा घेता येतो किंवा स्वतःचा आणता येतो. स्वतःचा आणला तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी असावं लागतं, नाहीतर परीक्षा नक्की कोण देतंय हा प्रश्न येतो. शिवाय तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. ह्या सगळ्यासाठी सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात लिहिण्याची अडचण स्पष्ट नमूद केलेली असावी लागते. नुसतं ‘दिव्यांग’ लिहून भागत नाही.

हे मला आता पाठ आहे. पूर्वीही पाठ होतं. तरी अनेक वर्षं माझं धोरण एकच होतं: कागद वाढवायचे नाहीत. जितके कागद जास्त, तितकी अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. कुणी विचारलंच तर मी म्हणत असे, “जमतंय ना लिहायला? मग ‘नाही’ म्हणा.” काउंटरवरच्या माणसाला हे धोरण सोयीचं पडतं.

आडुतुरैच्या शेखरलाही मी हेच सांगितलं होतं. भातसंशोधन केंद्रात त्याचे वडील रोजंदारीवर होते. शेखरला अंधुक दिसायचं, पुस्तक नाकाला लावून वाचायचा. त्याने भीत भीत विचारलं, जादा वेळ मिळतो म्हणतात, खरं आहे का? मी त्याच्या हातात एक छापील कागद दिला आणि वाच म्हटलं. त्याने वाचला. मी म्हटलं, “दिसतंय की. कशाला भानगडीत पडतोस?” त्याने तो कागद किती वेळात वाचला, हे मी पाहिलं नाही. तो परीक्षेत नापास झाला, पुन्हा बसला नाही. आता बसस्टँडवर मोबाइलची कव्हरं विकतो. मी तिथून गेले की आवाजावरून ओळखतो आणि नमस्कार करतो. तो नमस्कार मला आवडत नाही.

आता तामरैची गोष्ट सांगते.

तामरै स्वामीमलैची. तिथे पंचधातूच्या मूर्ती ओततात, हे वाचकांना ठाऊक असेल. मूर्ती आधी मेणात घडवतात. तामरैचे वडील एका कारखान्यात मेणकाम करतात आणि त्यांच्या गल्लीत घरटी कुणी ना कुणी हाताचंच काम करणारं आहे. कुणी मेण वळतं, कुणी माती लिंपतं, कुणी ओतलेल्या मूर्तीवर कानशी चालवतं. लग्न ठरवतानासुद्धा तिथे आधी हात बघतात.

तामरै सव्वीस वर्षांची, पदवीधर, डाव्या पायाला पट्टा लावून चालणारी. प्रमाणपत्र लहानपणीचं होतं. त्यावर पायाचं दिव्यांगत्व लिहिलेलं होतं, टक्केवारी भरपूर होती. तिचा अर्ज मीच दोनदा भरला होता. दोन्ही वेळा लेखनिकाच्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिलं, कारण पायाने कुणी लिहीत नाही. शिवाय तिची सही माझ्या दुकानात आजवर स्कॅन झालेल्या सह्यांमध्ये सगळ्यांत सुबक होती. जयंतीने ती मला दाखवलीही होती. “बघा अक्का, मोती नुसते.”

पहिल्या खेपेला ती पूर्वपरीक्षा पास झाली आणि मुख्य परीक्षेत अडकली. दुसऱ्या खेपेलाही पूर्वपरीक्षा पास झाली. पूर्वपरीक्षेत गोल काळे करायचे असतात. मुख्य परीक्षेत मात्र तीन-तीन तास लिहायचं असतं. मुख्य परीक्षेच्या आधी आयोग कागदपत्रं पाठवायला आणि अर्ज दुरुस्त करायला थोडे दिवस देतो, तेव्हा ती आली. त्यात एक निवेदन स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं होतं, पाऊण पानाचं.

“हे घरी नेऊन लिहिलं तर चालेल का, अक्का?”

“कशाला? पाच मिनिटांचं काम. तिथे बस आणि लिही.”

ती बसली. मी दुसरा अर्ज हातात घेतला. तो संपवला, त्याच्या पुढचाही संपवला. मान वर केली तर ती अजून लिहीत होती. डाव्या हाताने उजवं मनगट टेबलावर दाबून धरलं होतं. उजव्या हाताची बोटं आत वळली होती आणि पेन तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या बेचक्यात कसंबसं अडकलं होतं. कागदावर वरच्या चार ओळी मोत्यांच्या. त्यांच्याखाली अक्षरं वाढत, कलत गेली होती, आणि शेवटची ओळ कुणी दुसऱ्यानेच लिहिल्यासारखी होती.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“जन्मापासून, अक्का. पायासारखंच.”

“मग प्रमाणपत्रात नाही ते?”

“अम्माने दाखवलं नाही.” ती बोटं एकेक सरळ करत होती. “मी लहान होते. बसच्या पाससाठी प्रमाणपत्र पाहिजे होतं. अम्मा म्हणाली, पास पायाने मिळतो, हात कशाला दाखवायचा. नंतर सगळ्यांना तेच सांगितलं. गल्लीतही कुणाला माहीत नाही.”

“गल्लीत कसं माहीत नाही? रोज सकाळी दारात कोलम काढावाच लागतो.” कोलम म्हणजे आमच्याकडची तांदळाच्या पिठाची रांगोळी. सकाळी तो ज्या घराच्या दारात नसेल, त्या घरात काय झालं असं लोक विचारतात. घरात लग्नाची मुलगी असली की तो तिनेच काढलेला असतो, असं सगळे धरून चालतात.

“अम्मा काढते. गल्ली उठायच्या आत. लोकांना वाटतं मी काढते.”

गेल्या खेपेच्या मुख्य परीक्षेबद्दल मी विचारलं. तिने सरळ सांगितलं. तीन मोठे प्रश्न कोरे राहिले. तिन्ही येत होते. हात दुसऱ्या तासातच वळला होता.

ह्या खेपेला आणखी एक गोष्ट होती. घरच्यांनी मुदत घातली होती. ह्या वेळी निवड झाली नाही तर तिरुनीलक्कुडीचं स्थळ. मुलाचं किराणा दुकान होतं आणि पायाचं त्यांनी चालवून घेतलं होतं. हाताचं त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे तामरैला पेपर पुरा करण्याची ही शेवटची संधी होती, आणि तो पुरा करायला लेखनिक हवा होता. त्यासाठी जो कागद लागणार होता, तो मिळवायचा तर इतकी वर्षं झाकलेला हात उघडा करणं भाग होतं.

सरकारी इस्पितळात अपंगत्व तपासणारं मंडळ फक्त बुधवारी बसायचं. आयोगाच्या मुदतीत दोनच बुधवार होते. मी तामरैला म्हटलं, पहिल्याच बुधवारी जाऊन येऊ. ती म्हणाली, अम्माला नको सांगायला. ती सव्वीस वर्षांची असल्याने मला ह्यात काही वावगं वाटलं नाही.

आदल्या दिवशी मी तिला सूचना दिल्या. टायपिंग शिकवत होते तेव्हापासूनची माझी सवय आहे. परीक्षेला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला मी सांगत असे: साहेबांसमोर नीट बसायचं, गडबड करायची नाही, अक्षर स्वच्छ काढायचं. तेच तामरैला सांगितलं. चूक इथे झाली आणि ती माझी होती.

डॉक्टर पन्नाशीचे, दमलेले, पण सभ्य होते. त्यांनी हात पाहिला, बोटं दाबली, मनगट फिरवलं. सकाळची वेळ होती, हाताला विश्रांती मिळालेली होती. त्यांनी कागद पुढे सरकवला. “एक ओळ लिहून दाखव.”

तामरैने ताठ बसून लिहिली. सुंदर लिहिली. सावकाश, एकेक अक्षर कोरून. जन्मभर तिने हेच शिकून घेतलं होतं. कुणी समोर बसून लिहायला सांगितलं की एक ओळ अशी लिहायची, की पुढची लिही असं कुणी म्हणू नये.

डॉक्टरांनी कागद उचलून पाहिला. “माझ्यापेक्षा चांगलं अक्षर आहे तुझं. थोडा ताठरपणा आहे, पण लेखनिक लागेल असं मी लिहू शकत नाही, पोरी.”

मी मध्ये तोंड घातलं. त्यांनी विचारलं, तुम्ही आई का? मी नाही म्हटलं. मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेरच्या बाकावर मी तिला जरा जोरातच विचारलं, “चांगलं कशाला लिहिलंस?”

“तुम्हीच सांगितलंत, अक्षर स्वच्छ काढ म्हणून.”

आम्ही बसने परत आलो आणि दोघी खिडकीबाहेर बघत बसलो.

उरला एक बुधवार. डॉक्टरांनी पान लिहून घ्यावं असं वाटत असेल, तर हात जन्मापासून असा आहे हे सांगणारं घरचं माणूस पाहिजे होतं. अर्ज भरणारी बाई त्यासाठी पुरत नाही. म्हणून मी स्वामीमलैला गेले.

तामरैची आई वळ्ळीअम्मा ओट्यावर बसून मेणाच्या वाती वळत होती. मूर्तीचे दागिने अशा वातींनी घडवतात. तिने मला पाणी दिलं आणि ऐकून घेतलं. पूर्ण ऐकून घेतलं, हे सांगायला हवं. मग म्हणाली, “तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला मुली आहेत का?”

“एक आहे. चेन्नईला असते.”

“तिचे हातपाय धड आहेत?”

“आहेत.”

“मग तुम्ही अर्ज भरा, अम्मा. माझ्या मुलीच्या हाताचं मी बघते.” मेण वळणं थांबलं नव्हतं. “पायाने अधू सून लोक घेतात. बसून काम करेल म्हणतात. हाताने अधू कोण घेणार? ह्या गल्लीत? आणि परीक्षा तर एकदा दिली तिने. नाही झाली पास. सगळ्यांनाच कुठे येतं सगळं?”

“येत होतं तिला,” मी म्हटलं. “तीन प्रश्न कोरे राहिले. तिन्ही येत होते.”

वळ्ळीअम्माची बोटं थांबली. तिने दारात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

“येत होते?”

तामरैने हो म्हणून मान हलवली.

“मला का नाही सांगितलंस?”

“हात कसाय ते तू कधी विचारलं नाहीस, अम्मा.”

मी तिथे आणखी बसले नाही. माझी बस होती, आणि माझ्या बसण्याने पुढचं बोलणं झालं नसतं. उठताना मी एवढंच सांगितलं की बुधवारी सकाळी नवाला मी आणि तामरै इस्पितळात असू. वळ्ळीअम्माने वाती पुन्हा वळायला घेतल्या.

बुधवारी वळ्ळीअम्मा आली. मुलीबरोबर आली नाही. आम्ही रांगेत असताना मागून एकटी आली. लग्नाकार्यात नेसतात तशी साडी होती, केसांत मोगरा होता. येऊन आमच्याशेजारी उभी राहिली आणि मला म्हणाली, “आत मी बोलेन. तुम्ही बोलू नका.” मला ते पटलं.

रांगेत आमच्या पुढे त्यांच्याच गल्लीतली बाई होती, सासूला घेऊन आलेली. तिने वळून पाहिलं. “वळ्ळी? तू इथे? पायाचं काही वाढलं का मुलीचं?”

“हाताचं दाखवायचंय.”

“हाताला काय झालं?”

“झालं काही नाही. जन्मापासून आहे.”

त्या बाईने तामरैचे हात पाहिले, मग वळ्ळीअम्माकडे पाहिलं. “पण तो कोलम रोजचा? माझ्या सुनेला मी तो दाखवत असते!”

“तो मी काढते,” वळ्ळीअम्मा म्हणाली. “सुनेला सांगा, वळ्ळीकडून शिक म्हणावं.”

एवढंच झालं. कुणी रडलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. रांग एक पाऊल पुढे सरकली. ती बाई स्वामीमलैला परतल्यावर सगळ्या गल्लीला कळणार, आणि तिथून तिरुनीलक्कुडी फार लांब नाही, हे आम्हा तिघींनाही समजत होतं.

आत डॉक्टरांनी तामरैला लगेच ओळखलं. “पुन्हा? गेल्या आठवड्यात सांगितलं ना? अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.”

“सार्,” वळ्ळीअम्मा म्हणाली, “एक ओळ ती कुणालाही लिहून दाखवेल. मीच तसं वळण लावलंय. पानभर लिहायला सांगा.”

“बाहेर रांग किती आहे बघितलीत का, अम्मा?”

“रांग मी बघते. तुम्ही लिहून घ्या.” आणि ती खरोखर दारात जाऊन उभी राहिली, बाहेरच्या लोकांकडे तोंड करून. कुणीतरी आत डोकावलं तर म्हणाली, “थांबा. माझी मुलगी परीक्षा देतेय.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, मला तसं बजावलं होतं. त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र नर्सकडे दिलं आणि सांगितलं, ह्यातलं काहीही वाचून दाखव, परीक्षेत लिहितात त्या वेगाने. नर्सने धरणाच्या पाण्याची बातमी वाचायला घेतली. तामरै लिहू लागली.

मी तिच्या खांद्याला हात लावून म्हटलं, “छान लिहू नकोस. नुसतं लिही.” तेवढं मी माझ्या आधीच्या चुकीची भरपाई म्हणून बोलले.

तीन ओळी नीट आल्या. चौथीत अक्षरं पसरली. सातवीत डावा हात आपसूक वर आला आणि त्याने उजवं मनगट धरलं. नववी ओळ दहावीवर चढली. नर्स वाचत राहिली, धरणातलं पाणी सोडलं गेलं, कालव्यांना पोचलं, आणि तामरै दोन वाक्यं मागे पडली, मग चार. अकराव्या ओळीला पेन सुटून जमिनीवर पडलं. ते उचलायला ती वाकली. बोटं उघडेनात, म्हणून तिने ते डाव्या हाताने उचललं, उजव्या हातात खोचलं आणि पुन्हा लिहायला लागली.

“पुरे,” डॉक्टर म्हणाले.

ती थांबली नाही. वाक्य संपवून थांबली.

डॉक्टरांनी तिचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि बोटं एकेक करून उघडली. त्याला वेळ लागला. मग विचारलं, “गेल्या वेळी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही एकच ओळ सांगितलीत, सार्.”

डॉक्टरांनी अर्ज ओढून घेतला आणि प्रमाणपत्र लिहायला बसले. तो कागद मी त्याच दुपारी अपलोड केला. ‘लेखनिक हवा आहे का?’ ह्यापुढे ‘हो’ केलं. पोच आल्यावर ती दोनदा छापून घेतली. एक प्रत तामरैला दिली आणि एक माझ्याकडे ठेवली. असं मी एरवी करत नाही.

लेखनिक म्हणून जयंती बसली. ती बारावी पास आहे, तमिळ अक्षर टपोरं आहे, आणि ओळखीची असल्याने तामरैला तिच्यासमोर संकोच नव्हता. पण जयंतीला गप्प बसायला शिकवणं हे आम्हा दोघींना जड गेलं. त्या दोघी सरावाला दुकान बंद झाल्यावर बसत. तामरै उत्तर सांगायची, जयंती लिहिता लिहिता मध्येच म्हणायची, “हे असं लिहू का? जास्त भारदस्त वाटेल.”

“जयंतीअक्का, मी चूक सांगितली तर चूकच लिहा.”

“अगं, पण दिसतंय मला चूक आहे ते!”

“तुम्हाला दिसू नये म्हणून तर बारावी पास माणूस मागतात.”

जयंती चार दिवस रुसली होती. पाचव्या दिवशी तिने तामरैचं एक चुकीचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं आणि कागद विजयाने माझ्यापुढे आपटला. मी म्हटलं, आता जमलं.

वाचकांना निकालाची उत्सुकता असेल, म्हणून तो आधीच सांगून टाकते. यादीत नाव आलं, पण खालच्या बाजूला. तिला हवं होतं ते पद मिळालं नाही. ती समुद्राकडच्या एका तालुक्यात सरकारी कार्यालयात आहे आणि जमिनीच्या नोंदी बघते. कंटाळवाणं काम आहे म्हणते, आणि ते सांगताना आवाज जरा मोठा करते. तिरुनीलक्कुडीचं स्थळ परीक्षेच्या आधीच गेलं. त्यांनी कारण कळवलं नाही, कुणी विचारलंही नाही. दारातला कोलम वळ्ळीअम्मा अजून काढते. आता गल्ली उठल्यावर, सावकाश काढते.

माझ्या दुकानात एवढाच बदल झाला की काउंटरवर एक जाड वही आणि एक घड्याळ असतं. दिव्यांग उमेदवार आला की त्याचं प्रमाणपत्र बघण्याआधी मी त्याला पानभर लिहायला किंवा वाचायला सांगते आणि वेळ लावते. काहींना राग येतो. एकाने विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? नाही म्हटलं, आणि वही पुढे सरकवली. शेखरलाही मी बसस्टँडवर जाऊन सांगितलं, की वयाची सवलत आहे, अजून बसता येईल, ह्या वेळी सगळे कागद मी करून देईन. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, “आता धंद्यात जम बसलाय, अक्का.” मग नेहमीसारखा नमस्कार केला.

मला लक्षात राहिली आहे ती मुख्य परीक्षेच्या पहिल्या पेपरची संध्याकाळ. तामरै आणि जयंती थेट दुकानात आल्या. जयंतीची बोटं शाईने माखली होती आणि ती कधी नव्हे ती गप्प होती. तामरैचे दोन्ही हात मांडीवर सरळ पडलेले होते.

“कसा गेला?” मी विचारलं.

“संपला, अक्का.”

“सगळे प्रश्न?”

“सगळे. घंटा व्हायला अकरा मिनिटं होती. आधी कधी उरली नव्हती. काय करायचं असतं त्यांचं?”

“मग काय केलंस?”

“काही नाही. बाकीचे कसे लिहितात ते बघत बसले.”

मग तिने दुसऱ्या दिवशीच्या पेपरचं प्रवेशपत्र मागितलं, आणि मी ते छापायला उठले.